एएसएन ‘सेंट’ दिसते, पण गिऱ्हाईक म्हणतं मिळालीच नाही: दर पंधरवड्याला परत येणारा घोळ

चाकणच्या एका कारखान्याची ईडीआय, म्हणजे कंपन्यांच्या सिस्टिमांमधली कागदपत्रांची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण, मी सांभाळतो. बोल्ट, स्टड, मशीन केलेले छोटे पार्ट असा माल. गिऱ्हाईक अमेरिकेतलं, गाड्यांच्या धंद्यातलं. माल न्हावा शेवाहून बोटीने जातो, मिशिगनमध्ये एका भाड्याच्या गोदामात उतरतो आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे तिथून ट्रकने निघतो. ट्रक निघाला की आमच्या ईआरपीतून (कारखान्याचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, एक्स१२ या ईडीआय प्रमाणातल्या ८५६ या साच्यात गिऱ्हाइकाच्या सिस्टिमला जायला हवी. ट्रक दारात उभा आणि एएसएनचा पत्ता नाही असं झालं, की डेबिट नोट ठरलेली.

ही एएसएन दर पंधरा दिवसांत एकदा तरी अडकायची. आमच्या स्क्रीनवर हिरवी टिकली, ‘सेंट’. तिकडून मेल: मिळाली नाही. मग मध्यरात्री डिस्पॅचच्या मुलाचा फोन, “सर, परत तेच.” कुणीतरी लॅपटॉप उघडायचा, फाइलमधलं काहीतरी हाताने खोडायचं, परत पाठवायची आणि झोपायचं. सहा महिने हे चाललं. नीट खणल्यावर कळलं की एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी लपली होती, आणि फाइल हाताने दुरुस्त करायची आमची सवय हे चौथं. पहिली तीन इतके दिवस सापडली नाहीत ती या चौथ्यामुळेच.

(सेगमेंट म्हणजे फाइलमधली एकेक ओळ. सेगमेंटची नावं आणि नमुने इथे देवनागरीत लिहिलेत. खऱ्या फाइलमध्ये सगळं रोमन अक्षरांत असतं.)

पावती कुठली आली, कुठली नाही

‘फाइल गेली का?’ हा प्रश्नच आम्ही चुकीचा विचारत होतो. एका एएसएनच्या बदल्यात निदान तीन वेगवेगळ्या पावत्या येऊ शकतात, आणि हिरवी टिकली त्यांतल्या पहिलीपुरतीच असते.

पहिली एमडीएन. आम्ही फाइल एएस२ या पद्धतीने पाठवतो. २००५ च्या आरएफसी ४१३० या इंटरनेटच्या नियमपत्रात त्याचे नियम आहेत: फाइलवर सही, वर कुलूप, आणि एचटीटीपीवरून रवानगी. समोरचा सर्व्हर कुलूप उघडतो, सही तपासतो आणि एमडीएन परत पाठवतो. कुरिअरवाला गेटवरच्या वॉचमनची सही घेऊन येतो ना, तेवढाच याचा अर्थ. पाकिटात काय आहे ते वॉचमनने बघितलेलं नसतं.

दुसरी ९९७. गिऱ्हाइकाच्या ट्रान्स्लेटरने (ईडीआय फाइल वाचणारं-लिहिणारं सॉफ्टवेअर) पाकीट फोडलं, सेगमेंट मोजले, प्रत्येक रकान्याची लांबी आणि कोड नियमात बसतात का ते पाहिलं, आणि स्वीकारलं किंवा परत केलं. इथेही माल, तारीख, ऑर्डर खरी की खोटी हे कुणी बघितलेलं नाही. फक्त व्याकरण तपासलं.

तिसरी ८२४. ९९७ मध्ये पास झालेली एएसएन गिऱ्हाइकाच्या आतल्या सिस्टिममध्ये गेली आणि तिथे मजकुरावर हरकत निघाली, तर ही येते. ऑर्डर बंद झाली आहे, पार्ट नंबर जुळत नाही, असल्या हरकती. सगळी गिऱ्हाइकं ८२४ पाठवत नाहीत. आमचं पाठवत होतं. पण आमच्या बाजूला ८२४ चा मॅपच (फाइलमधला कुठला रकाना आपल्या सिस्टिममध्ये कुठे जातो याची मांडणी) कुणी केला नव्हता, त्यामुळे त्या फाइली सर्व्हरवरच्या ‘अनमॅप्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायच्या. मी तो फोल्डर पहिल्यांदा उघडला तेव्हा आत सहा महिन्यांच्या तक्रारी तारीखवार रचून ठेवलेल्या होत्या. गिऱ्हाईक आम्हाला नेमकं कारण सांगत होतं, आम्हीच दार लावून बसलो होतो.

म्हणून तुमच्याकडे असा घोळ असेल तर आधी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या फसलेल्या एएसएन एका वहीत मांडा आणि प्रत्येकीसमोर तीन रकाने करा: एमडीएन आली? ९९७ मध्ये काय लिहिलं होतं? ८२४ आली? आमच्या अकरा फसलेल्या एएसएन अशा मांडल्या तेव्हा पाच ९९७ वर अडकलेल्या निघाल्या, चार ८२४ वर, आणि दोन खरं म्हणजे फसल्याच नव्हत्या.

९९७ वर अडकलेल्या पाच: स्टारचा उपद्व्याप

परत आलेली ९९७ अशी होती:

    एके१*एसएच*४१२७~
    एके२*८५६*०००१~
    एके३*पीआयडी*१७**८~
    एके४*६**५*१.२५~
    एके५*आर*५~
    एके९*आर*१*१*०~

खालून वर वाचत गेलात तर लवकर समजते. एके५ मधला ‘आर’ म्हणजे रिजेक्ट. इथे ‘ए’ असेल तर स्वीकारली, आणि ‘ई’ असेल तर स्वीकारली पण चुका आहेत. ‘ई’ कडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. आज चालवून घेणारं गिऱ्हाईक पुढच्या अपग्रेडनंतर चालवून घेईलच असं नाही. ‘आर’ नंतरचा ५ म्हणजे आतल्या सेगमेंटमध्ये चूक. एके३ सांगते की चूक सतराव्या सेगमेंटमध्ये, पीआयडीमध्ये, म्हणजे मालाच्या वर्णनाच्या ओळीत. एके४ म्हणते की त्यातला सहावा रकाना प्रमाणापेक्षा लांब आहे आणि त्यात १.२५ लिहिलंय.

आता आम्ही सहावा रकाना वापरतच नाही. पाचव्यात मालाचं वर्णन भरतो आणि थांबतो. मग सहाव्यात १.२५ आलं कुठून? पाठवलेली फाइल उघडली:

    पीआयडी*एफ****हेक्स बोल्ट एम१०*१.२५~

दहा मिलिमीटरचा बोल्ट, सव्वा पिच. ड्रॉइंगवर यात इंग्रजी एक्ससारखी गुणाकाराची फुली असते. पण आपल्या शॉपफ्लोअरवर त्याला ‘इंटू’ म्हणतात, आणि एक्सेलमध्ये इंटूसाठी स्टार दाबायची सवय असलेला हात आयटम मास्टर, म्हणजे ईआरपीतली मालाची मूळ यादी, भरतानाही स्टारच दाबतो. ईआरपीला त्याचं काही वाटत नाही. बिलावर, पॅकिंग लिस्टवर ‘एम१०*१.२५’ छापून येतं आणि सगळ्यांना कळतं. एक्स१२ फाइलमध्ये मात्र स्टार म्हणजे दोन रकान्यांमधली भिंत. ट्रान्स्लेटरला दिसलं ते असं: पाचव्या रकान्यात ‘हेक्स बोल्ट एम१०’, सहाव्यात ‘१.२५’.

पंधरा दिवसांनीच का? कारण शेकडो आयटमपैकी फक्त चारांच्या वर्णनात स्टार होता. चारही एकाच माणसाने, एकाच आठवड्यात भरलेले. त्यांची मागणी कमी, गिऱ्हाईक ते दर दुसऱ्या आठवड्याला उचलायचं. आम्ही मात्र सर्व्हरवर संशय घेत होतो, इंटरनेटवर घेत होतो. एकदा तर लाइट गेल्याचा दिवस आणि फसलेल्या एएसएनचा दिवस जुळतो का तेही ताडून पाहिलं. फसलेल्या एएसएनमध्ये कुठले आयटम होते हे कुणी बघितलं नव्हतं. ‘कधीकधीच होतं’ अशी ईडीआयची तक्रार आली, की माझा पहिला संशय आता डेटावर जातो. नेटवर्क बिघडलं असतं तर ते बोल्ट निवडून बिघडलं नसतं.

एडिफॅक्ट हे दुसरं ईडीआय प्रमाण वापरणाऱ्यांनी हसू नये. तिथे रकान्यांमधली भिंत म्हणजे अधिकचं चिन्ह, आणि सेगमेंट संपतो तो अ‍ॅपोस्ट्रॉफीने. भोसरीतला माझा एक मित्र जर्मनीला माल पाठवतो. त्याच्याकडे वर्णनात टॉलरन्स लिहायची पद्धत होती, ‘+०.०२’, आणि त्याचीही फाइल अशीच फुटायची. फक्त एडिफॅक्टमध्ये सोय आहे: चिन्हाआधी प्रश्नचिन्ह टाकलं की ते चिन्ह मजकुराचा भाग समजलं जातं. चांगला ट्रान्स्लेटर हे आपोआप करतो, पण मॅपऐवजी कुणी हाताने जोडाजोडी करून फाइल बनवत असेल तर राहून जातं. एक्स१२ मध्ये अशी सुटकेची खूणच नाही. जे चिन्ह तुम्ही भिंत म्हणून वापराल ते मजकुरात येता कामा नये, बस.

उपाय तीन ठिकाणी केला. आयटम मास्टरमधले चार स्टार काढले आणि त्या रकान्यात स्टार व टिल्ड (~, सेगमेंट संपल्याची खूण) घेऊच नये असा नियम घातला. मॅपमध्ये वर्णनासारख्या मोकळ्या मजकुराच्या रकान्यांत ही चिन्हं सापडली तर त्यांच्या जागी स्पेस टाकायची. आणि पार्ट नंबर, ऑर्डर नंबर यांत सापडली तर बदलायचं नाही. फाइल तिथेच थांबवायची आणि माणसाला कळवायचं. हा फरक महत्त्वाचा आहे. वर्णनातला स्टार गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. पार्ट नंबरमधलं एक चिन्ह गुपचूप बदललं तर ९९७ सुरेख पास होईल आणि माल गोदीवर ओळखीविना उभा राहील.

भिंतीचं चिन्हच बदलून टाकावं, असं एकाने सुचवलं होतं. बदलता येतं. फाइलीच्या सुरुवातीच्या आयएसए सेगमेंटमधलं चौथं अक्षर जे असेल ती भिंत, असा नियमच आहे, आणि टाइप करता न येणारं एखादं चिन्ह घेतलं तर स्टारची कटकट मिटते. पण गिऱ्हाइकाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्टार ठरवून दिलेला असेल तर ते तुमच्या एका आयटम मास्टरसाठी त्यांचं सेटिंग हलवणार नाहीत. आमच्या गिऱ्हाइकाने तरी नाही हलवलं.

हाताने दुरुस्ती: एका रात्रीची गोष्ट

हे लिहायला जरा लाज वाटते, कारण फाइल उघडणारा हात माझाच होता.

रात्री पाऊण वाजता ९९७ रिजेक्ट. पीआयडीमध्ये चूक आहे एवढं दिसलं. वर्णन काही सक्तीचं नाही, म्हणून मी ती अख्खी ओळ उडवली आणि फाइल पाठवली. दहा मिनिटांत रिजेक्ट, या वेळी एके५ मध्ये ‘आर’ नंतर ४. म्हणजे सेगमेंटची संख्या जुळत नाही. एसई या एएसएनच्या शेवटच्या सेगमेंटमध्ये पहिल्या एसटीपासून एसईपर्यंतचे, दोन्ही धरून, एकूण सेगमेंट मोजून लिहिलेले असतात. एक ओळ उडवली की तो आकडा खोटा ठरतो.

आकडा एकने कमी केला, परत पाठवली. एमडीएन आली, टिकली हिरवी. ९९७ येईना. अर्धा तास वाट पाहिली. आता कळतं की आयएसएमधला नऊ आकडी कंट्रोल नंबर आधीचाच होता, आणि समोरच्या ट्रान्स्लेटरने ‘ही तर आलेली आहे’ म्हणून फाइल बाजूला टाकली होती. कंट्रोल नंबर पुन्हा दिसला की काही गिऱ्हाइकांची सिस्टिम तसं कळवते, काहींची नुसती गप्प बसते.

मग शंका आली म्हणून कंट्रोल नंबर वाढवला. आयएसएमध्ये. तोच नंबर शेवटी आयईएमध्येही असतो, तो तसाच राहिला. पुन्हा शांतता.

तोपर्यंत दोन वाजलेले. मूळ फाइलच घ्यावी आणि पहिल्यापासून नीट करावी असं ठरवलं. मूळ मजकूर तिकीट सिस्टिममध्ये चिकटवलेला होता, तिथून कॉपी केला, सगळे आकडे काळजीपूर्वक बदलले, पाठवला. शांतताच. याचं कारण सापडायला दुसरा दिवस उजाडावा लागला. आयएसए सेगमेंटची लांबी ठरलेली असते, शेवटच्या टिल्डसकट बरोबर १०६ अक्षरं. पाठवणाऱ्याच्या ओळखीसाठी त्यात १५ अक्षरांची जागा असते. आमचा डन्स नंबर (कंपनीचा ओळख क्रमांक) ९ आकडी, म्हणून मागे ६ स्पेस. ब्राउझर सलग आलेल्या स्पेस एकच करून दाखवतो. कॉपी करताना माझ्या ६ स्पेसची १ झाली. घेणाऱ्यासाठीच्या रकान्याचंही तेच. समोरच्या ट्रान्स्लेटरने १०६ अक्षरं मोजली, तिथे टिल्डऐवजी भलतंच काहीतरी सापडलं, आणि ही एक्स१२ फाइलच नाही असं ठरवलं.

पाकिटाच्या पातळीवरच्या अशा चुकांसाठी टीए१ नावाची वेगळी पावती असते. पण ती मागायची खूण आयएसएच्या चौदाव्या रकान्यात १ अशी करावी लागते. आमच्याकडे ० होतं. तुमच्याकडे काय आहे ते बघून ठेवा, आणि गिऱ्हाईक टीए१ पाठवत असेल तर मागून घ्या.

सकाळी ईआरपीत त्या आयटमचं वर्णन दुरुस्त केलं, एएसएन तिथूनच नव्याने काढली, चार मिनिटांत ९९७ स्वीकारलेली परत आली. रात्रीच्या चार फाइलींपैकी कुठलीच तेव्हा आयटम मास्टरला शिवली नव्हती.

तेव्हापासून नियम केला: गेलेली फाइल एडिटरमध्ये उघडायची ती फक्त वाचायला. दुरुस्ती होणार ती ईआरपीत किंवा मॅपमध्ये, आणि फाइल यंत्रानेच नव्याने बनवायची. कंट्रोल नंबर, सेगमेंटची मोजणी, स्पेस हे सगळं यंत्र बिनचूक करतं. माणूस रात्री दोन वाजता करत नाही.

८२४ वर अडकलेल्या चार: ‘उद्या’ निघालेला ट्रक

‘अनमॅप्ड’ फोल्डरमधल्या ८२४ चाळल्या तर चार एएसएनवर एकच हरकत: माल निघाल्याची तारीख आजच्या तारखेच्या पुढची आहे. चारही ट्रक दुपारचे. सकाळच्या ट्रकची एकही तक्रार नाही.

आमचा सर्व्हर भारतीय वेळेवर. गोदामवाल्याने ट्रक निघाल्याचं कळवलं की ईआरपी त्या क्षणाची तारीख-वेळ घेते आणि डीटीएम सेगमेंटमध्ये ०११ या कोडपुढे टाकते. मिशिगनमध्ये उन्हाळ्यातले दुपारचे अडीच वाजले की आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात आणि तारीख पालटते. अडीचनंतर निघालेला प्रत्येक ट्रक आमच्या फाइलीत ‘उद्या’ निघायचा. सकाळी नऊचा ट्रक आपल्या संध्याकाळी साडेसहाचा, तारीख तीच, म्हणून बिनबोभाट पास.

यातली गंमत पुढे आहे. हिवाळ्यात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा आपली मध्यरात्र त्यांच्या दुपारी दीडला होते. म्हणजे दुपारी दोनचा ट्रक उन्हाळाभर सुरळीत चालतो आणि नोव्हेंबरात अचानक फसायला लागतो. कुणी काही बदललेलं नसतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं आणि आम्ही त्या आठवड्यात झालेल्या ईआरपीच्या एका पॅचवर खापर फोडून मोकळे झालो होतो. त्या पॅचवाल्यांची मी नंतर माफी मागितली.

साडेनऊ तास वजा करून टाका, असं लगेच सुचतं. करू नका, नोव्हेंबरात परत फसाल. सर्व्हरला ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ किंवा ‘अमेरिका/डेट्रॉइट’ अशा नावाने टाइमझोन देता येतो, मग उन्हाळा-हिवाळ्याचा हिशेब त्याचा तो करतो. माल निघाल्याची वेळ गोदामाच्या स्थानिक वेळेत टाका, आणि गिऱ्हाइकाला चालत असेल तर डीटीएमच्या चौथ्या रकान्यात ‘ईटी’ हा टाइमझोनचा कोडही द्या. बीएसएन सेगमेंटमध्येही एएसएन बनवल्याची तारीख-वेळ असते. डीटीएम दुरुस्त करून बीएसएन भारतीय वेळेवर सोडलात तर माल निघाल्यानंतर साडेनऊ तासांनी कागद बनवला असं दिसेल, आणि उशिराचा दंड मोजणारी सिस्टिम तेवढंच बघते.

न फसलेल्या दोन

या दोन्ही एएसएन गिऱ्हाइकाला व्यवस्थित मिळालेल्या होत्या. एमडीएन उशिरा आली एवढंच.

एमडीएन दोन प्रकारे मागवता येते: त्याच जोडणीवर, फोन न ठेवता उत्तर ऐकावं तशी, किंवा मागाहून वेगळ्या जोडणीवर. आम्ही पहिली मागत होतो. महिनाअखेरीला गिऱ्हाइकाचा सर्व्हर दमलेला असतो, उत्तर यायला वेळ लागतो. आमच्या सॉफ्टवेअरने ठरलेले साठ सेकंद मोजले, फोन आपटला आणि ‘फेल’ लिहिलं. ते बघून आमच्या माणसाने ईआरपीतून एएसएन नव्याने काढून पाठवली. नवीन कंट्रोल नंबर, नवीन सगळं. समोरच्याने दोन्ही घेतल्या.

एकच ट्रक आणि दोन एएसएन. गिऱ्हाइकाच्या सिस्टिमला वाटलं की दुप्पट माल वाटेवर आहे, आणि पुढच्या आठवड्याच्या मागणीतून तिने तेवढे नग वजा केले. आमच्या मार्केटिंगवाल्यांनी मागणी का घटली यावर एक बैठकही घेतली होती.

म्हणून परत पाठवण्याआधी एकच गोष्ट बघा. ९९७ रिजेक्ट आली असेल तर दुरुस्त करून नव्याने पाठवायला हरकत नाही. समोरच्याने काही नोंदवलेलं नसतं. ९९७ आलीच नसेल तर आधी फोन करा, किंवा त्यांच्या पोर्टलवर शिपमेंट नंबर टाकून बघा. ती स्वीकारलेली असेल आणि तुम्हाला मजकूर बदलायचा असेल, तर बीएसएनच्या पहिल्या रकान्यात ०० ऐवजी बदलीसाठी ०५ किंवा रद्द करायला ०१ असा कोड लागतो, आणि गिऱ्हाईक तो कोड मानतं का हे आधी विचारावं लागतं. आम्ही एमडीएन मागाहून घ्यायला सुरुवात केली आणि हा भाग संपला.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये काम करणाऱ्यांना ही परत पाठवायची खोड ओळखीची वाटेल. तिथे २१५० नंबरची, ‘डुप्लिकेट आयआरएन’ची (आयआरएन म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक) चूक येते ती बऱ्याचदा याचमुळे: पहिला प्रयत्न यशस्वी झालेला असतो, उत्तर वाटेत हरवलेलं असतं. तिथे बचाव असा की आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटीआयएन, कागदाचा प्रकार, नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरूनच बनतो, त्यामुळे तेच बिल दोनदा पाठवून दोन आयआरएन निघत नाहीत. एएसएनला असं कवच नाही. दोन पाठवल्यात तर दोन पोचतात.

किरकोळ, पण परत परत येणारं

सर्टिफिकेट. एएस२ मध्ये सहीचं, कुलपाचं आणि एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट वेगवेगळं असू शकतं आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. ही मुदत संपली की सगळ्याच फाइली एकदम अडकतात, निवडून नाही. तीच ओळखायची खूण. एचटीटीपीएसची जाहीर सर्टिफिकेटं २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती. १५ मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. ‘वर्षातून एकदा बघू’ हा हिशेब त्यामुळे मोडला. तुमचं एएस२ समोरच्याचं नेमकं सर्टिफिकेट धरून बसलं असेल, म्हणजे वरच्या संस्थेवर विश्वास न ठेवता एकेक सर्टिफिकेट हाताने चढवावं लागत असेल, तर आत्ताच पद्धत बदलून घ्या.

एक्सेल. गोदामवाला पाठवतो त्या सीएसव्हीत आमचा सप्लायर कोड दोन शून्यांनी सुरू होतो. कुणी ती फाइल ‘जरा बघायला’ एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्यं गायब. सीएसव्ही नोटपॅडमध्ये बघा, आणि मॅपमध्ये कोडची लांबी तपासून कमी भरली तर फाइल थांबवा. डावीकडे आपोआप शून्यं भरायचा मोह होतो. लांबी सगळ्या कोडांची सारखी असेल तरच भरा.

आता काय करतो

रोज सकाळी एक रिपोर्ट निघतो: गेलेल्या प्रत्येक एएसएनचा जीएस सेगमेंटमधला ग्रुप नंबर, आणि समोर त्याच नंबरची ९९७. हा नंबर ९९७ च्या एके१ मध्ये परत येतो, म्हणून जोडी लावणं सोपं. दोन तासांत जोडी लागली नाही तर डिस्पॅचला मेसेज जातो, आणि त्यात ‘परत पाठवा’ असं लिहिलेलं नसतं. ‘फोन करून विचारा’ असं लिहिलेलं असतं. ८२४ चा साधा मॅप केलाय. तो फक्त हरकतीचा मजकूर काढतो आणि मेल करतो. ‘अनमॅप्ड’ फोल्डरमध्ये काहीही पडलं तरी मेल येतो.

बाहेर जाणारी प्रत्येक फाइल पाठवण्याआधी आमचाच ट्रान्स्लेटर उलट वाचून बघतो. स्वतः लिहिलेलं स्वतः परत वाचता आलं नाही तर ती बाहेर पडत नाही. स्टारवाली फाइल इथेच पकडली गेली असती.

डिस्पॅचच्या मुलाचे रात्रीचे फोन बंद झाले. एक काम मात्र मी अजून स्वतः करतो. अमेरिकेत घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात. त्यानंतरच्या सोमवारी दुपारच्या पहिल्या ट्रकची एएसएन उघडतो आणि डीटीएममधली वेळ गोदामवाल्याला फोन करून पडताळून घेतो. तोही आता माझा नंबर दिसला की आधी वेळच सांगतो.